नवा मासा आणलात? आधी चाळीस दिवस पाहुण्यांच्या खोलीत!

दोस्तांनो, तुमच्या घरातलं कुणी भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या कारखान्यात कामाला आहे का? पिंपरी-चिंचवडमध्ये राहता म्हणजे बहुतेक असेलच. मग आज रात्री जेवताना त्यांना एक प्रश्न विचारा. बाहेरून ट्रक भरून आलेले सुटे भाग उतरवले, की सरळ लाइनवर नेऊन गाडीला बसवतात का? ते हसतील आणि म्हणतील, "छे रे! आधी इन्स्पेक्शन. माल बाजूला ठेवायचा, त्याला कार्ड लावायचं. क्यूसीवाले 'ओके' म्हणाले की मगच पुढे." औषधांच्या कारखान्यात तर हा नियम आणखी कडक. तिथे कच्च्या मालाच्या पिंपावर चक्क 'क्वारंटाइन' अशी चिठ्ठी चिकटवतात. तपासणीत पास होईपर्यंत त्या पिंपातला कणभर मालही वापरायचा नाही!

आणि आपण काय करतो? दुकानातून प्लॅस्टिकच्या पिशवीत नवा मासा आणतो आणि घरी आल्या आल्या फिशटँकमध्ये सोडून देतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! अहो, नटबोल्ट बिचारा स्वतः आजारी पडत नाही आणि शेजारच्या नटबोल्टला आजार देतही नाही. मासा मात्र या दोन्ही गोष्टी करतो. म्हणूनच नव्या माशाला जुन्या माशांत सोडण्याआधी काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवायचं असतं. यालाच म्हणतात माशांचं क्वारंटाइन. समुद्री मासे पाळणाऱ्यांसाठी तर हा पहिला धडा.

समुद्र नाही, तरी समुद्री मासे!

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे पवना आहे, मुळा आहे, इंद्रायणी आहे. पण समुद्र कुठे आहे? खरं आहे. एके काळी समुद्री शोभेचे मासे बघायचे तर मराठी मुलं मुंबईला जात. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, आणि पुढे कितीतरी पिढ्यांची समुद्री माशांशी पहिली भेट तिथेच झाली. आता मात्र घरीच मीठ कालवून 'समुद्राचं पाणी' तयार करता येतं. त्यामुळे काही हौशी मंडळींच्या दिवाणखान्यात केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊन मासा (हो, तोच तुमचा निमो!) ऐटीत फिरताना दिसतो.

पण तो तिथवर येतो कसा, याचा विचार केलाय? समुद्रातल्या खडकांजवळ पकडलेला मासा आधी पकडणाऱ्याच्या टाकीत, मग व्यापाऱ्याच्या, मग मोठ्या शहरातल्या दुकानाच्या टाकीत जातो. तिथून पिशवीत बसून द्रुतगती महामार्गाने घाट चढतो आणि तुमच्या गावच्या दुकानात येतो. प्रत्येक मुक्कामी नवं पाणी, नवे शेजारी आणि शेजाऱ्यांचे आजार! लांबच्या प्रवासाने थकलेलं माणूस कसं चटकन सर्दी-तापाला बळी पडतं? माशाचंही तसंच. पिशवीतला मासा वरून टवटवीत दिसला, तरी बरोबर काय घेऊन आलाय हे डोळ्यांना दिसत नाही. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ना, ती अशी!

मिठाचे दाणे? मुळीच नाही!

या दडून आलेल्या पाहुण्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 'व्हाइट स्पॉट'. या आजारात माशाच्या अंगावर आणि परांवर मीठ भुरभुरल्यासारखे बारीक पांढरे ठिपके दिसतात. हा आजार करणाऱ्या एकपेशीय परजीवीचं नाव भलतंच लांबलचक आहे: क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. १९३०च्या दशकात जपानी शास्त्रज्ञ सिकामा यांनी त्याचं वर्णन केलं आणि १९५१ साली त्याला हे नाव मिळालं. गंमत म्हणजे तारापोरवाला मत्स्यालयाचंही साल तेच!

याच्या आयुष्याचे चार अंक असतात. नाटकासारखे नीट वाचा, कारण पुढची सगळी युक्ती त्यातच आहे.

अंक पहिला: खादाड. परजीवी माशाच्या कातडीखाली किंवा कल्ल्यांत शिरतो आणि माशाच्या पेशी खात गोल गोल फिरतो. साधारण ३ ते ७ दिवस हे जेवण चालतं. जो पांढरा ठिपका आपल्याला दिसतो तो हाच.

अंक दुसरा: उतरणं. पोट भरलं की तो माशाला सोडून तळाशी जातो आणि काही तास तिथे सरपटतो.

अंक तिसरा: कोश. वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटून तो स्वतःभोवती टणक कोश बनवतो. आत त्याचे तुकडे होत राहतात. एकाचे दोन, दोनाचे चार... असं करत एका कोशात दोनशेच्या आसपास पिल्लं तयार होतात. याला बहुतेक वेळा ३ ते २८ दिवस लागतात.

अंक चौथा: शोध. कोश फुटतो तो बहुधा अंधारात, पहाटेच्या सुमाराला. मासे तेव्हा तळाजवळ विसावलेले असतात. म्हणजे सावज अगदी शेजारीच! पिल्लं पोहत पोहत मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात. मिळाला, की पुन्हा अंक पहिला.

समुद्रात क्षुल्लक, काचेत जीवघेणा

आता एक प्रश्न. असा परजीवी असताना समुद्रातले मासे अजून जिवंत कसे?

उत्तर सोपं आहे. समुद्र अफाट आहे. कोश फुटेपर्यंत मासा कुठल्या कुठे निघून गेलेला असतो. दोनशे पिल्लांपैकी एखाद-दुसऱ्यालाच मासा सापडतो, बाकीची उपाशी मरतात. माशाच्या अंगावर दोन-चार ठिपके आले तरी त्याचं फारसं बिघडत नाही.

पण तुमची टाकी केवढी? समजा ती ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. म्हणजे काठोकाठ भरली तरी सुमारे १९० लिटर पाणी. यात मासा पळून जाणार कुठे? नव्या माशाने फक्त पाच ठिपके आणले असं धरा. पाच कोश, प्रत्येकी दोनशे पिल्लं, म्हणजे झाली एक हजार. त्यातल्या दहात एकानेच मासा गाठला, तरी पुढच्या फेरीला शंभर परजीवी माशांच्या अंगावर! आणि त्या शंभरांचे पुन्हा...? गुणाकार तुम्हीच करा.

हा आजार कल्ल्यांत शिरला की माशाला श्वास घेणं जड जातं. मग जो क्लाऊन रोज सकाळी तुम्हांला बघून काचेजवळ धावत येत होता, तो एका कोपऱ्यात धापा टाकत बसतो. नीट सांभाळलेला क्लाऊन दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. तुम्ही पाचवीत असताना आणलेला मासा तुम्ही कॉलेजात जाल तेव्हाही घरी असू शकतो! एका संध्याकाळच्या घाईपायी तो पंधरवड्यात जाऊ शकतो, आणि यात त्याची काहीच चूक नसते.

चाळीसच का?

'क्वारंटाइन' हा शब्द मोठ्यांनी २०२० साली करोनाच्या साथीत इतक्या वेळा ऐकला, की तो त्यांना पाठच झाला. पण तो आहे कित्येक शतकं जुना. प्लेगच्या भीतीने १३७७ साली रागुसा, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिक बंदराने नियम केला, की साथीच्या भागातून येणाऱ्यांनी ३० दिवस गावाबाहेर राहायचं. पुढे इटलीतल्या व्हेनिससारख्या बंदरांत हे दिवस ४० झाले. तिथल्या भाषेत चाळीसला म्हणतात 'क्वारांता'. त्यावरून शब्द आला क्वारंटाइन.

त्या काळी प्लेग जंतूंमुळे होतो हेही कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्याला मात्र माशाच्या परजीवीचं वेळापत्रक माहीत आहे. चला, बेरीज करू. माशावर जास्तीत जास्त ७ दिवस, कोशात बहुधा जास्तीत जास्त २८ दिवस आणि शोधात २ दिवस. एकूण झाले ३७. म्हणजे चाळीस दिवसांत नाटकाचा निदान एक पूर्ण प्रयोग आपल्या डोळ्यांसमोर होऊन जातो!

इथेच बरेच जण फसतात, बरं का. आठवडाभरात ठिपके गळून पडतात आणि लोक म्हणतात, "वा, मासा बरा झाला!" पण तो बरा झालेला नसतो. पहिला अंक संपलेला असतो, एवढंच. खरा धोका आता तळाशी कोशात बसलेला असतो. म्हणून ठिपके दिसले तर इलाज करायचा, आणि शेवटचा ठिपका गेल्यावर दिवस पुन्हा एकपासून मोजायचे.

पाहुण्यांची खोली

ही खोली थाटायला फार खर्च नाही. मोठ्यांच्या मदतीने एवढं जमवा:

● २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच अशी साधी काचेची टाकी. हिच्यात सुमारे ५० लिटर पाणी राहतं. वर झाकण हवंच, घाबरलेला मासा उडी मारतो.

● स्पंज फिल्टर आणि हवेचा पंप. स्पंज आधी तीन-चार आठवडे मोठ्या टाकीत ठेवा, म्हणजे त्यात उपयोगी जिवाणू वाढतात. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. तो विषारी असतो आणि हे जिवाणू त्याचा बंदोबस्त करतात.

● हीटर आणि थर्मामीटर. आपल्याकडची डिसेंबरातली थंडी समुद्री माशाला सोसत नाही. पाणी २५-२६ अंश सेल्सिअस ठेवा.

● लपायला पीव्हीसी पाइपाचे तुकडे. वाळू आणि दगड मात्र नकोत. कोशांना दडायला जागा मिळते.

● वेगळी जाळी, वेगळी बादली, वेगळी नळी. मोठ्या टाकीची वस्तू इकडे नाही, इकडची तिकडे नाही. दोन्ही टाक्या निदान दहा फूट लांब ठेवा, कारण बुडबुड्यांबरोबर उडणाऱ्या तुषारांतूनही काही रोग पसरतात.

आता पाणी. आपल्या शहराच्या बऱ्याच भागात नळाला पवनेचं पाणी येतं. रावेतला उचलून, निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध करून ते घरोघरी जातं. त्यातलं क्लोरीन आपल्याला जंतूंपासून वाचवतं, पण माशांचे कल्ले भाजून काढतं. म्हणून आरओचं पाणी वापरा, नाहीतर नळाच्या पाण्यात क्लोरीन काढणारं औषध घाला. मीठ स्वयंपाकघरातलं नको हं! मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या खास समुद्री मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम असे इतरही क्षार असतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे ५० लिटरला पावणेदोन किलो. हे आदल्या दिवशी कालवून, हवेचा पंप लावून ठेवा.

आणि गुरुवार विसरू नका! देखभालीसाठी आपल्याकडे पुष्कळदा गुरुवारी वीज बंद असते. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप बुधवारी रात्रीच तयार ठेवा.

वहीत काय लिहाल?

क्वारंटाइन म्हणजे माशाला कोंडून विसरून जाणं नव्हे. कारखान्यातला इन्स्पेक्टर जसा रोज नोंद करतो, तशी तुम्हीही एक वही करा. रोज एका ठरावीक वेळी पाच मिनिटं नुसतं बघत बसा. मासा खातो का? एका मिनिटात कल्ले किती वेळा उघडमीट करतात? पाइपाला अंग घासतो का? पर मिटून कोपऱ्यात बसतो का? अंगावर ठिपके किंवा सोनेरी धुळीसारखा थर आहे का? हा थर 'व्हेल्व्हेट' नावाच्या आजाराचा असतो. तो व्हाइट स्पॉटपेक्षाही झपाट्याने मारतो. तो दिसला तर एक दिवसही थांबू नका, ताबडतोब जाणकाराला गाठा.

दोन-तीन दिवसांआड अमोनियाची चाचणी करा. चाचणीच्या किटमध्ये रंग बदलला, की पाव हिस्सा पाणी बदला. छोट्या टाकीत मासे रोगापेक्षा अमोनियानेच जास्त दगावतात. आणि कामाचा क्रम लक्षात ठेवा: आधी मोठी टाकी, मग क्वारंटाइनची, मग साबणाने हात. उलट केलंत, तर तुमच्या ओल्या हातांवरूनच परजीवी फुकट प्रवास करील!

ठिपके दिसले तर?

कुणी म्हणेल, "अँटिबायोटिक द्या की!" आता हे वाक्य पिंपरीत कानावर पडलं, तर नवल नाही. आपल्या पिंपरीतच १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि देशातलं पेनिसिलिन इथे बनू लागलं. इतकंच नव्हे, तर बुरशीवरचं 'हॅमायसिन' हे औषधही इथल्याच शास्त्रज्ञांनी शोधलं. पिंपरीच्या मातीतल्या ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं, त्याच्या शास्त्रीय नावातच आपलं गाव आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना!

पण पेनिसिलिन मारतं जिवाणूंना. ते त्यांच्या पेशीभोवतीची भिंत तयार होऊ देत नाही. हॅमायसिन मारतं बुरशीला. क्रिप्टोकॅरिऑन ना जिवाणू, ना बुरशी. त्याला तसली भिंतच नाही. मग भिंत पाडणारं औषध काय करणार? शत्रू ओळखल्याशिवाय हत्यार उचलायचं नाही, हा धडा इथेही लागू.

तांब्याचं औषध या परजीवीवर चालतं. पण थोडं कमी पडलं तर उपयोग नाही आणि थोडं जास्त झालं तर मासाच जातो. शिवाय झिंगे आणि गोगलगाई त्याने मरतात. म्हणून मोठ्या टाकीत ते कधीही टाकायचं नाही. क्वारंटाइनच्या टाकीतसुद्धा जाणकार मोठ्या माणसाने, रोज मोजूनच वापरायचं.

दुसरी युक्ती मात्र औषधाशिवायची आहे, आणि ती तुम्हांला नक्की आवडेल. नाटकाचा तिसरा अंक आठवा. कोश फुटायला कमीत कमी ३ दिवस लागतात. मग तीन दिवस पुरे व्हायच्या आत मासाच दुसऱ्या टाकीत हलवला तर? गळून पडलेले परजीवी जुन्या टाकीत राहतात. ती टाकी रिकामी करून, धुऊन, खडखडीत वाळवायची. पुन्हा तीन दिवस होण्याआधी मासा ताज्या पाण्यासह परत तिच्यात. असं चार वेळा केलं, की बारा दिवसांत माशावरचे सगळे परजीवी गळून मागे राहिलेले असतात. पुढून आलेल्या शत्रूशी लढायचं नाही, त्याला हुलकावणी द्यायची. गनिमी कावाच की हा! फक्त जुन्या पाण्याचा थेंबही नव्या टाकीत जाता कामा नये. मात्र ही युक्ती व्हाइट स्पॉटपुरतीच. सगळ्या रोगांवर ती चालत नाही.

आणि आजार मोठ्या टाकीत शिरलाच असेल तर? मग सगळे मासे बाहेर काढून त्यांच्यावर इलाज करायचा आणि टाकी माशांविना रिकामी ठेवायची. कोश क्वचित ७२ दिवसांपर्यंतही टिकल्याची नोंद आहे. म्हणून काळजी घेणारे लोक ७६ दिवस थांबतात. चाळीस दिवसांचा कंटाळा केला, त्याची ही शिक्षा!

घरी गोल्डफिश आहेत?

तर तुम्हीही सुटला नाहीत! गोड्या पाण्यातल्या माशांनाही असाच ठिपक्यांचा आजार होतो. तो करणारा परजीवी वेगळा, पण खोड्या त्याच. गप्पी असो, मोली असो की गोल्डफिश, नव्या माशाला निदान तीन-चार आठवडे वेगळं ठेवा. त्यासाठी प्लॅस्टिकचा स्वच्छ टब आणि स्पंज फिल्टरही पुरतो. समुद्री टाकीसाठी आणलेले शंख, झिंगे आणि दगडसुद्धा वेगळे ठेवा. त्यांना हा आजार होत नाही, पण अंगावर कोश चिकटून येऊ शकतात.

हे फक्त हौशी लोकांचं खूळ आहे असं समजू नका. परदेशातून व्हनामी कोळंबीचे जनक येतात, तेव्हा भारत सरकारही त्यांना थेट हॅचरीत जाऊ देत नाही. आधी चेन्नईजवळच्या नीलांकराई इथल्या क्वारंटाइन केंद्रात त्यांचा मुक्काम होतो आणि तपासणी होते. एका आजारी कोळंबीमुळे किनाऱ्यावरच्या कितीतरी शेततळ्यांचं वाटोळं होऊ शकतं!

दुकानात गेलात तर एक प्रश्न जरूर विचारा: हा मासा समुद्रातून पकडलेला आहे की हॅचरीत जन्मलेला? भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन माशांची पैदास करण्याची पद्धत तयार केली आहे. असे मासे टाकीतच वाढलेले असतात आणि समुद्रातला एकही मासा कमी होत नाही. पण क्वारंटाइन त्यांनाही चुकत नाही, कारण दुकानाच्या टाकीत तेही इतरांच्या शेजारी राहिलेले असतात. समुद्रघोडे आणि प्रवाळ मात्र कुणी देऊ केले तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

चाळीस दिवस म्हणजे सहा आठवड्यांनाही दोन दिवस कमी. पहिल्या आठवड्यात मासा पाइपात दडून बसेल. दुसऱ्या आठवड्यात तुमच्या हातचं खाऊ लागेल. पाचव्या आठवड्यात तुमच्या वहीवरून तुम्ही सांगू शकाल, की तो किती वाजता भुकेला होतो आणि कुठल्या पाइपात झोपतो. एकेचाळिसाव्या दिवशी दोन्ही टाक्यांचं पाणी तपासा. खारटपणा आणि तापमान सारखं आहे ना, ते पाहा. मोठ्या टाकीचा दिवा मालवा आणि मासा अलगद आत सोडा. पिशवीतलं पाणी मात्र मोरीत!